प्रतापरावांच्या आभारप्रदर्शनाचं अधिकृत श्रवण

इंदूरच्या मालवा मानकरी मराठी मंडळाच्या कार्यकारिणीने असा ठराव एकमताने संमत केला, की मंडळाच्या संग्रहातली जुनी ध्वनिमुद्रणं यापुढे लाउडस्पीकरवर वाजवली जाणार नाहीत. ज्या सभासदास ती ऐकावयाची असतील त्याने ती एकट्याने, हेडफोन लावून ऐकावीत. ठराव मंडळाचे सचिव विजयराव यांनी मांडला. अक्षर त्यांचं, भाषा त्यांची आणि टाळ्याही आधी त्यांच्याच.

ठरावाला कारण घडलं होतं. दसऱ्याच्या स्नेहसंमेलनात हौसेने एक जुनी कॅसेट वाजवली गेली. तीत एका दिवंगत अध्यक्षांनी दुसऱ्या एका दिवंगत अध्यक्षांच्या आजोबांचा उल्लेख ‘पागेत घोड्यांना चंदी घालणारे’ असा केला होता. बोलणारे गेले, ज्यांच्याविषयी बोलले ते गेले, घोडे तर केव्हाच गेले. पण नातवंडं श्रीखंड-पुरीच्या पंगतीत हजर होती. पातेलं उपडं झालं, दोन खुर्च्या मोडल्या आणि एका गृहस्थाचा चष्मा आमटीत सापडला. पूर्वजांचा आवाज चारचौघांत काढणं धोक्याचं आहे यावर कार्यकारिणीचं एकमत झालं.

मंडळाविषयी थोडं सांगायला हवं. राजवाड्यामागच्या गल्लीत एक दुमजली इमारत आहे. खाली साड्यांचं होलसेल दुकान, वर मंडळ. सभासदांचे पूर्वज दरबारात होते. कोणी सरदार, कोणी शिलेदार, कोणी कारकून. आता सभासदांपैकी कोणी विम्यात आहे, कोणाचे कोचिंग क्लासेस आहेत, कोणी फ्लॅट विकतो. रस्त्यावर शिलेदाराच्या स्कूटरला रिक्षावाला जागा देत नाही. पण जिना चढून वर आलं की सगळे आपापल्या हुद्द्यावर रुजू होतात आणि सतरंजीवरसुद्धा हुद्द्याप्रमाणे बसतात. शिवाय मंडळात दोन पाती आहेत, थोरली आणि धाकटी. कोणाच्या पूर्वजाच्या घोड्याने नर्मदा आधी ओलांडली यावरून ही विभागणी झाली. मंडळात काहीही आणायचं तर अर्धं थोरलीने आणायचं आणि अर्धं धाकटीने, म्हणजे मान बरोबरीत राहतो. मागे गॅसची शेगडी थोरलीने आणली आणि रेग्युलेटर धाकटीने. ते एकमेकांना बसले नाहीत, म्हणून मंडळाने वर्षभर चहा प्यायला नाही. परंतु मान राखला.

ठरावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विजयराव घरी पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरत होते. त्यांची आई द्वारकाबाई समोर येऊन बसल्या. डावा कान मुलाकडे येईल अशी खुर्ची त्यांनी फिरवून घेतली, कारण उजवा कान गेला होता आणि डावाही निघण्याच्या बेतात होता. ‘आहे तो जपा, गेला की परत येत नाही,’ असं कानाच्या डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं.

“विजू, त्या कॅसेटांमध्ये तुझ्या बाबांचं आभारप्रदर्शन असेल ना रे?”

“असेल ना. दरसाल तेच तर करायचे.”

प्रतापराव पाटबंधारे खात्यात होते आणि शब्द काटकसरीने वापरत. भाषण लवकर संपवतात म्हणून मंडळ दरवर्षी आभाराचं काम त्यांच्याकडे देई. घरी त्यांनी बायकोच्या स्वयंपाकाला, साडीला किंवा स्वभावाला आयुष्यात कधी बरं म्हटलं नाही. वाईटही म्हटलं नाही. फक्त एका वर्षी ते स्टेजवर नेहमीपेक्षा जास्त बोलले. द्वारकाबाई तेव्हा मागच्या खोलीत मंडळाच्या पुऱ्या तळत होत्या. बायका धावत आत आल्या आणि म्हणाल्या, “काकी, साहेबांनी आज माइकवर तुमचं नाव घेतलं! सगळा हॉल एकदम चुप!” परतताना स्कूटरवर त्यांनी नवऱ्याला विचारलं, काय म्हणालात? प्रतापरावांनी गिअर बदलला आणि म्हणाले, “बोललो काहीतरी.” पुढेही जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा हेच उत्तर मिळालं. मग तेही गेले. ज्या बायकांनी ऐकलं होतं त्याही एकेक करून गेल्या. जे पुरुष हयात आहेत त्यांना त्या दिवसाच्या पुऱ्या आठवतात.

“मला ते एकदा ऐकायचंय,” द्वारकाबाई म्हणाल्या. “हा कान आहे तोवर.”

“ऐकू ना, आई. बस, प्रक्रिया पूर्ण होऊ दे.”

“कसली प्रक्रिया? अलमारीची चाबी तर तुझ्याच खिशात आहे.”

“चाबी सचिवाकडे आहे, आई. माझ्याकडे नाही.”

“मग मोबाइलमध्ये टाकून आण आणि इथेच लाव.”

“मोबाइललाही स्पीकर असतो. ते सार्वजनिक वादनात मोडतं.”

द्वारकाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. हाच मुलगा लहानपणी साखरेचा डबा चोरून उघडायचा, तेव्हा त्याला कोणती प्रक्रिया आड आली नव्हती. पण विजयराव वाईट माणूस नव्हते, ही खरी अडचण होती. वाईट माणूस निदान आईसाठी एखादा नियम मोडतो. सचिवपदावर बसलेल्या सज्जनाला तेवढीही मोकळीक नसते.

हेडफोन घ्यायचे म्हटल्यावर जाणकार लागणार. मंडळाने अनीशला तांत्रिक सल्लागार नेमलं. हा चिपळूणचा मुलगा इथे सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि रविवारच्या नाश्त्यासाठी मंडळात येई. तो गळ्यात सदैव पोळपाटाच्या मापाचे हेडफोन अडकवून फिरे, एवढी पात्रता कार्यकारिणीला पुरली.

“साधी गोष्ट आहे, काका,” अनीश बैठकीत म्हणाला. “हेडफोन आणि ॲम्प्लिफायर एकमेकांना बघून घ्यायचे. काही हेडफोन जड प्रकृतीचे असतात, त्यांना घरात टेबलावर ठेवायचा दमदार ॲम्प लागतो. काही हलके, कानाच्या भोकात बसणारे असतात. त्यांना खिशातला छोटा ॲम्पही पुष्कळ होतो. उलटं केलंत तर एकात आवाज यायचा नाही आणि दुसऱ्यात कान फुटेल. बास.”

सगळं शास्त्र एवढंच होतं आणि ते कार्यकारिणीला तिथल्या तिथे समजलं. म्हणून मग त्यावर उपसमिती नेमावी लागली. उपसमितीने प्रथेप्रमाणे वाटणी केली: हेडफोन थोरल्या पातीने आणावेत, ॲम्प्लिफायर धाकटीने.

“पण आणताना एकमेकांना विचारा,” अनीश म्हणाला.

थोरल्या पातीचे प्रमुख यशवर्धनराव, जे फ्लॅट विकत, त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. “थोरलीने धाकटीला विचारायचं? भिया, तुम्ही चिपळूणहून आलात म्हणून माफ आहे.”

यशवर्धनराव दुकानात गेले आणि ‘सबसे भारी कौनसा है’ एवढाच प्रश्न विचारून स्टुडिओत वापरायचे, सर्वांत जड प्रकृतीचे हेडफोन घेऊन आले. धाकट्या पातीचे प्रमुख हृषीकेशराव, म्हणजे कोचिंग क्लासवाले, यांनी दोन ॲम्प आणले. एक मिक्सरएवढा, मंडळात ठेवायला. दुसरा काडेपेटीएवढा, मंडळाची सहल बेटम्याला कोणाच्या शेतावर हुरडा खायला गेली तर पूर्वजांना सोबत नेता यावं म्हणून.

इथवर कुठेही बिघडलेलं नव्हतं. जड हेडफोनची पिन मिक्सरएवढ्या ॲम्पमध्ये खोचली असती तर द्वारकाबाई त्याच संध्याकाळी आपलं काम उरकून घरी गेल्या असत्या. त्या जिना चढून आल्याही होत्या, आणि पदर खोचून खुर्चीवर तयार बसल्या होत्या. पण यशवर्धनरावांनी हेडफोन डोक्यावर चढवले आणि त्यांची नजर भिंतीवरच्या आरशाकडे गेली. आरशाशेजारी त्यांच्या पणजोबांची पगडीतली तसबीर होती. यशवर्धनरावांची मान आपोआप ताठ झाली.

“हे डोक्यावर बसतं,” ते हळूच म्हणाले.

“हेडफोन आहे काका, डोक्यावरच बसणार,” अनीश म्हणाला.

“म्हणजे हे शिरोभूषण आहे.”

विजयरावांनी ताबडतोब मंडळाची घटना उघडली. शिरोभूषणाविषयीचे नियम तीत पूर्वीपासूनच होते आणि पगडीसाठी केलेले असल्यामुळे अतिशय कडक होते. एका घराण्याचं शिरोभूषण दुसऱ्या घराण्याच्या डोक्यावर जाणार नाही. शिरोभूषण जमिनीवर, खुर्चीवर अथवा टेबलाच्या कडेवर ठेवलं जाणार नाही. कनिष्ठ हुद्द्याचं शिरोभूषण वरिष्ठाहून मोठं असणार नाही. स्त्रियांनी शिरोभूषण धारण करण्याची प्रथा नाही.

“द्वारकाकाकी, माफ करा हं,” यशवर्धनराव कमरेत वाकून म्हणाले. “आमच्या घराण्याचं शिरोभूषण तुमच्या डोक्यावर... चांगलं नाही दिसणार.”

“मला दिसायचं नाही, ऐकायचंय,” द्वारकाबाई म्हणाल्या. पण हे कामकाजात नोंदवण्याजोगं नव्हतं.

पुढच्या महिन्याभरात इंदूरमधल्या मानकरी घराण्यांनी आपापले हेडफोन खरेदी केले. सरदारांनी पूर्ण कान झाकणारे घेतले, शिलेदारांनी कानावर टेकणारे. कारकुनी घराण्यांना कानाच्या भोकात घालायचे मंजूर झाले. हे डोक्यावर बसत नसल्यामुळे शिरोभूषणात येत नाहीत, कर्णभूषणात येतात, सबब त्यांना भिकबाळीचे नियम लागू करण्यात आले. लग्नाकार्यात लोक हेडफोन घालून अहेर घेऊ लागले. एका मुंजीत मुंडावळ्या वरून बांधायच्या की खालून, यावर भटजी दीड तास थांबले. हेडफोन कशाला तरी जोडलेले आहेत का, असं तिथे कोणी विचारलं नाही आणि विचारणं शोभलंही नसतं.

धाकट्या पातीला हे सहन होणं शक्य नव्हतं. हृषीकेशरावांनी पुढच्या बैठकीत मुद्दा मांडला. “पगडी तुमची, ठीक आहे. पण पगडीत जोर कुठून येतो? गादीवरून. ज्याच्या जोरावर आवाज निघतो ती गादी. म्हणजे आमचा ॲम्प्लिफायर गादी आहे.” हे तर्काला धरून होतं, त्यामुळे नाकारता आलं नाही. मिक्सरएवढा ॲम्प तख्ताची गादी ठरला. त्याच्याखाली तांबडं मखमली कापड आलं आणि त्यावर फुलं पडू लागली. फुलांनी त्याची उष्णता बाहेर पडेना, म्हणून शेजारी चवरी ढाळायला माणूस नेमला. काडेपेटीएवढा ॲम्प स्वारीची गादी ठरला.

आता जोड्या लावायच्या होत्या. थोरल्या पातीची पगडी धाकटीच्या तख्तावर टेकवायची म्हणजे थोरलीने धाकटीचं मांडलिकत्व पत्करायचं. यशवर्धनराव म्हणाले, मरेन पण टेकवणार नाही. हृषीकेशराव म्हणाले, मरेन पण टेकवू देणार नाही. इतकं मतैक्य मंडळात क्वचित होई. तेव्हा थोरलीचे जड हेडफोन स्वारीच्या गादीला, म्हणजे काडेपेटीला जोडले गेले. आणि तख्ताची गादी मोकळी राहू नये म्हणून तीवर कारकुनी घराण्यातल्या एका गृहस्थांच्या कानातल्या भिकबाळ्या जोडल्या.

“अहो, हे बरोब्बर उलटं आहे!” अनीश ओरडला. “फक्त अदलाबदल करा. ही पिन इकडची तिकडे. एक पिन!”

“भिया,” हृषीकेशराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमच्या लेखी पिन आहे. आमच्या लेखी तीनशे साल आहेत.”

चाचणी समारंभपूर्वक झाली. कारकुनी गृहस्थांचं सियागंजात पाइप-फिटिंगचं दुकान होतं. त्यांनी भिकबाळ्या कानात घातल्या, हृषीकेशरावांनी तख्ताचा खटका फिरवला आणि गृहस्थ जागेवरून वीतभर उडाले. पुढे आठवडाभर ते दुकानात अर्ध्या इंचाचा नळ मागणाऱ्याला तीन इंचाचा देत होते. अहवालात नोंद झाली: ‘श्रवण अत्यंत परिणामकारक.’ इकडे यशवर्धनरावांना शेजारच्या बंगल्यात डास मेल्याएवढा आवाज आला. पण तसं म्हणावं तर थोरलीची पगडी धाकटीच्या जोराशिवाय चालत नाही हे कबूल करणं आलं. ते डोळे मिटून बसून राहिले आणि शेवटी म्हणाले, “आवाजात खानदानी अदब आहे. कानात घुसत नाही.” सर्वांनी माना डोलावल्या.

आवाज फारच अदबशीर असल्याच्या तोंडी तक्रारी पुढे वाढल्या. जोडी बदलणं अशक्य होतं. जग बदलणं त्यामानाने सोपं होतं. प्रथम मंडळातले पंखे बंद केले गेले, मग खिडक्या. मे महिना होता. खालच्या साडीवाल्याला विनंती केली, की श्रवणाच्या वेळात साड्या फडकावून दाखवू नयेत. तो म्हणाला, मग काय गिऱ्हाइकाला घडी दाखवून विकू का? तेव्हा त्याच्यावर निषेधाचा ठराव झाला. राजवाड्याभोवतीची रिक्षांची वाहतूक ‘पूर्वजांचं भाषण चालू असेतोवर’ दुसरीकडून वळवावी असा अर्ज गेला. दोन सभासद उकाड्याने घेरी येऊन पडले. पडल्याचा आवाज मात्र सर्वांना ऐकू आला. इतकं करूनही लोकांना ऐकू येईना, तेव्हा दोष कानांचा असणार हे उघड झालं. प्रत्येक श्रोत्याने कान तपासून दाखला आणावा, असा नियम विजयरावांनी लिहिला.

द्वारकाबाईंनी दाखला आणला. त्यावर डॉक्टरने खरं तेच लिहिलं होतं.

त्या रात्री जेवताना विजयरावांनी आईच्या ताटाशेजारी एक लिफाफा ठेवला.

“हे काय आता?”

“मंडळाचं पत्र आहे.”

“चश्मा आत राहिला. तूच वाच.”

विजयरावांनी वाचलं. द्वारकाबाईंना ऐकू गेलं नाही. त्या डावा कान पुढे करून म्हणाल्या, जोरात. मग विजयराव उठून आईच्या कानाशी गेले आणि शेजारच्या फ्लॅटमधले लोक दार उघडून बघतील इतक्या मोठ्या आवाजात त्यांनी वाचलं, “महोदया! आपणास ऐकू येत नसल्याचं! आपल्या दाखल्यावरून दिसतं! सबब आपणास श्रवणाची सुविधा देणं! हा सुविधेचा अपव्यय ठरेल! कळावे! सचिव!”

“कोण सचिव?” द्वारकाबाईंनी विचारलं.

विजयराव खाली बसले आणि वरणभात कालवू लागले. त्यांना वाईट वाटत होतं. खोटं कशाला सांगा. त्यांनी रात्रभर विचार केला. आईला नेऊन गुपचूप ऐकवावं हा विचार त्यांच्या मनात एकदाही आला नाही, हे त्यांच्या निष्ठेचं लक्षण आहे. पहाटे त्यांना घटनेत दुरुस्ती सुचली. अपात्र सभासदाच्या वतीने त्याच्या वारसाने ऐकावं आणि तोंडी निवेदन करावं. ऐकण्याची संधी एका वारसास वर्षातून एकदाच. कारण पुन्हा ऐकायला मागणं म्हणजे मंडळाच्या ध्वनिमुद्रणावर अविश्वास दाखवणं.

“ठीक आहे,” द्वारकाबाई म्हणाल्या. “तू ऐक. पण शब्दन् शब्द सांग मला. तुझ्या मनाने गाळू नको काही.”

“बिलकुल नाही, आई.”

विजयरावांनी कोणाची पगडी आणि कोणाची गादी वापरावी यावर पुन्हा पेच आला असता. तो अनीशने सोडवला. त्याच्याकडे स्वतःचे हेडफोन आणि स्वतःचा टेबलावरचा ॲम्प होता, एकमेकांना बघून घेतलेले. अनीशला इंदुरात घराणं नव्हतं. ज्याला घराणं नाही त्याच्या वस्तूला मान नाही आणि म्हणून अपमानही नाही, असा निर्णय देऊन दोन्ही पातींनी ते सामान शुद्ध मानलं. मंडळाच्या इतिहासात ही पहिली जुळणारी जोडी होती आणि ती कोणाचीच नसल्यामुळे शक्य झाली.

अनीशने मात्र एक अट घातली. “काका, असल्या सेटअपवर कच्च्या कानाने बसायचं नाही. वाया जाईल. आधी ऐकायला शिकावं लागतं.”

वास्तविक विजयराव जन्मापासून ऐकत होते. पण तंत्रज्ञापुढे त्यांचं काही चालेना. ते रोज विम्याचं ऑफिस सुटल्यावर अनीशच्या खोलीवर जाऊ लागले. खोलीत पलंग नव्हता, गादी जमिनीवर होती आणि टेबलावर मात्र बारीक दिव्यांचे डबे एकावर एक रचले होते. अनीशकडे गाणी फारशी नव्हती. एक काचेचा ग्लास फरशीवर पडून फुटतो, एवढंच तो वेगवेगळ्या डब्यांतून ऐकत असे. “तुकडा कुठे गेला सांगा,” तो विचारी. पहिले काही दिवस विजयरावांना नुसता ग्लास फुटलेला ऐकू आला. मग एके दिवशी त्यांना एक तुकडा डावीकडे, कपाटाखाली सरकल्यासारखा वाटला. अनीशने त्यांना मिठी मारली.

त्या दिवसापासून विजयराव बदलले. ते खोली, पोत, अवकाश असे शब्द वापरू लागले. कुकरची शिट्टी झाली की म्हणत, वरचा स्वर जरा टोचतोय. विम्याच्या गिऱ्हाइकाने नवरा वारल्याचं रडत सांगितलं, तेव्हा त्यांनी तिच्या आवाजातल्या मधल्या पट्टीचं मनापासून कौतुक केलं. घरी आई काहीतरी सांगत असे; तेव्हा ते डोळे मिटून तन्मय होऊन ऐकत आणि ती काय म्हणाली ते त्यांना अजिबात सांगता येत नसे. शिक्षण पूर्ण व्हायला पावसाळा उलटला. तोवर द्वारकाबाईंना दाराची घंटा ऐकू येईनाशी झाली. कुकरच्या शिट्ट्या त्या आता वाफ बघून मोजत.

अखेर अधिकृत श्रवणाचा दिवस उजाडला. मंडळाचा हॉल भरला होता. मधोमध खुर्चीवर विजयराव, समोरच्या खुर्चीवर द्वारकाबाई. त्यांनी त्या दिवशी ठेवणीतली चंदेरी नेसली होती आणि डावा कान मुलाच्या तोंडाच्या रेषेत येईल अशी खुर्ची लावून घेतली होती. थोरलीच्या आणि धाकटीच्या मंडळींनी आपापले हेडफोन सन्मानाने डोक्यावर चढवले. पंखे बंद झाले. अनीशने त्या वर्षीची कॅसेट लावून बटण दाबलं.

विजयरावांनी डोळे मिटले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बघून मागच्या रांगेतल्या दोघांनी हात जोडले. केवढा हॉल होता तो! छताची उंचीसुद्धा ऐकू येत होती. डावीकडे कोणीतरी खोकलं, तो खोकला थेट भिंतीपर्यंत जाऊन परतला. बाबांच्या आवाजाखाली माइकची किंचित घरघर होती, मखमलीसारखी. बाबा एका ठिकाणी थांबले. त्या थांबण्यात काय शांतता होती! काळी, स्वच्छ, कुठे कण नाही. आणि त्या शांततेत, मागे, उजवीकडे, फार लांब, कढईच्या काठावर झारा आपटल्याचा बारीक आवाज आला. विजयरावांच्या अंगावर काटा आला. मग बाबा पुन्हा बोलू लागले, टाळ्या झाल्या, टाळ्यांचाही पोत उत्तम होता, आणि ध्वनिमुद्रण संपलं.

विजयरावांनी डोळे उघडले. द्वारकाबाई पुढे वाकल्या होत्या.

“काय म्हणाले रे?”

“आई! काय आवाज आहे!” विजयराव त्यांच्या कानाशी ओरडले. “बाबा इथे! असे समोर उभे! श्वाससुद्धा ऐकू येतो!”

“हो. पण काय म्हणाले?”

“काय खोली आहे, आई! कोणी कुठे बसलंय ते बोट ठेवून सांगता येतं!”

“अरे, आवाज कसा होता ते नाही विचारलं. आवाज मला ठाऊक आहे, त्याच्याबरोबर संसार केला मी. काय म्हणाले, ते सांग.”

विजयराव शब्द आठवू लागले. त्यांना खोकला आठवत होता, छत आठवत होतं, घरघर आठवत होती. शब्द एकही आठवत नव्हता. अख्खा हॉल त्यांच्याकडे बघत होता. मग एकदम उजळलेल्या चेहऱ्याने ते आईच्या कानाशी गेले.

“आई, तुझा झारा ऐकू आला! अगदी स्पष्ट!”

“झारा मी तेव्हाही ऐकला होता,” द्वारकाबाई म्हणाल्या.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. त्यांनी सरळ हात पुढे केला आणि मुलाच्या डोक्यावरचे हेडफोन धरले. “मला लावून दे. जेवढं येईल तेवढं येईल.”

“लावा ना, आजींना लावा,” अनीश म्हणाला. त्याला वाटलं, आता इतकं झाल्यावर कोणी काही म्हणणार नाही.

तेव्हा यशवर्धनराव उजवीकडून पुढे झाले आणि हृषीकेशराव डावीकडून. दोन्ही पाती एकाच बाजूला उभ्या राहण्याची मंडळाच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ होती, आणि काही ज्येष्ठ सभासदांना गहिवरून आलं. वर्षातून एकदा, एकच वारस. नियम स्पष्ट होता. सगळ्यांनी विजयरावांकडे पाहिलं, कारण तो त्यांनीच लिहिला होता. विजयरावांनी आईच्या बोटांतून हेडफोन हळुवार सोडवून घेतले, कुठे ओरखडा उठला नाही ना ते बघितलं आणि तिच्या डाव्या कानाशी वाकून म्हणाले, “पुढच्या दसऱ्यानंतर अर्ज करता येईल, आई.”

“काय?” द्वारकाबाईंनी विचारलं.

त्यांनी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने. आईने पुन्हा तेच विचारलं.

इतिवृत्तात ‘श्रवण यशस्वी’ अशी नोंद झाली. चहाच्या वेळी विजयरावांभोवती गर्दी जमली. ॲम्प कोणता होता, वायर साधी की चांदीची, आपल्याकडच्या हेडफोनला तो पेलेल का, अशी चौफेर विचारपूस झाली. उज्जैन आणि देवासच्या मंडळांनीही नंतर पत्रं पाठवून हेच विचारलं. प्रतापराव काय बोलले, हे कोणीच विचारलं नाही, म्हणून ते अजूनही कोणाला ठाऊक नाही.

तुम्हाला मात्र त्याची उत्सुकता असेल, आणि या माणसांचा रागही आला असेल. येणारच, आपण काही असे नाही. तर मग एवढंच सांगा. आज सकाळी तुम्ही घरातून निघताना घरातलं कोणीतरी तुम्हाला काही म्हणालं होतं. आवाज कसा होता ते राहू द्या. काय म्हणालं?